तश्कंद ते समरकंद: पुलावाच्या बाजूची ताटली

तश्कंदच्या चोरसू बाजारात निळ्या घुमटाखाली मांस, चक्का आणि तयार सॅलडचे ओटे, तर भाजीवाले बाहेर छपरांच्या रांगांत. उझबेक सॅलडसाठी जायचं तर ऑक्टोबर धरावा. टोमॅटो अजून संपलेले नसतात, डाळिंबं आलेली असतात आणि थंडीतल्या हिरव्या मुळ्याची चाहूल लागलेली असते. ओट्यांवर कांदे, पुलावासाठीची पिवळी गाजरं, शेपू, कोथिंबीर आणि रायहोनच्या (सब्ज्याच्या जातीच्या सुवासिक पानांच्या) जुड्या. तिथली घरगुती सॅलडं एवढ्यातूनच उभी राहतात. त्यांतल्या बऱ्याच सॅलडांत तेल नसतं, लिंबूही नसतं. सगळी मदार सुरीवर आणि मीठ कधी पडतं यावर.

ही सॅलडं समजायची तर आधी ओश किंवा पलोव, म्हणजे तिथला पुलाव, खायला हवा. (याच पलोव संस्कृतीची 2016 मध्ये युनेस्कोच्या यादीत नोंद झाली.) मेंढीच्या शेपटाची चरबी किंवा भरपूर तेल, मांस, गाजर आणि तांदूळ असा तो ऐवज. चार घासांत जीभ तुपकट होते आणि मग शेजारच्या ताटलीतला टोमॅटो-कांदा लागतो. त्याचं नाव अचिचुक, काही घरांत शकरोब. पुलावाशेजारी ही ताटली नसली तर मला ते जेवण अपुरंच वाटतं.

अचिचुक चौघांसाठी करायचं तर अर्धा किलो पिकलेले पण घट्ट टोमॅटो, शंभर-सव्वाशे ग्रॅमचा एक कांदा, एक तिखट मिरची, रायहोनची आठ-दहा पानं आणि अर्धा चमचा मीठ. साहित्य संपलं. घरांमधून पाहिलं तर बायका बरेचदा कापायचा पाट घेतच नाहीत. टोमॅटो डाव्या हातात, सुरी उजव्या हातात, आणि चकती थेट वाडग्यात पडते. सुरी धारदार हवीच. बोथट सुरी साल कापण्याआधी गर दाबते, बिया आणि रस बाहेर पडतो आणि सॅलडचं कालवण होतं. आपल्याकडे धार लावायचा कंटाळा असेल तर पाव कापायची दातेरी सुरी वापरा, ती साल पकडते. पाट घ्यायलाही हरकत नाही, पण त्यावर सांडलेला रस वाडग्यात ओता.

टोमॅटो अर्धे करून त्याच्या दोन मिलिमीटर जाडीच्या चकत्या कराव्यात. आपल्या बाजारातले लांबट, जाड सालीचे संकरित टोमॅटो प्रवासाला चांगले, पण त्यांना रस कमी. गोल, आंबटसर गावठी टोमॅटो मिळाले तर तेच घ्या, आणि फ्रीजमध्ये ठेवू नका. थंडीत त्यांचा वास मरतो, आणि इथे वासाशिवाय दुसरं आहे काय?

खरी परीक्षा कांद्याची. तो आडवा, अर्धगोल आणि कागदासारखा पातळ चिरायचा, जाडी एक मिलिमीटरच्या आसपास. पोह्यांसाठी चिरतो तसा उभा कांदा ताठ राहतो आणि टोमॅटोच्या चकत्यांशी जुळत नाही. मात्र आडव्या चिरण्याने जास्त पेशी फुटतात आणि कांदा जास्त झोंबतो. म्हणून चिरलेल्या कांद्यावर वेगळं अर्धा चमचा मीठ टाकून बोटांनी दहा-बारा वेळा हलकं चोळायचं, थंड पाण्यात दोन-तीनदा धुवायचा आणि मुठीत पिळून घ्यायचा. झोंबणारी गंधकयुक्त द्रव्यं पाण्याबरोबर निघून जातात. पाणी थंडच हवं, कोमट पाण्यात कांदा लुळा पडतो. फार जोरात चुरडला तरी तेच, कुरकुरीतपणा जातो आणि उकडल्यासारखी चव येते. घरी आपला लाल कांदा वापरणार असाल तर एक धुणं जास्त द्या. उन्हाळ्यात माळांनी मिळणारा अलिबागचा पांढरा कांदा असेल तर एकदा धुतला तरी पुरे.

रायहोन ही आपल्या सब्ज्याचीच जात, ज्याच्या बिया फालुद्यात पडतात. कुंडीतली तुळस इथे चालणार नाही, तिचा लवंगेसारखा उग्रपणा टोमॅटोला खाऊन टाकतो. सब्ज्याची पानं नसतील तर थोडी कोथिंबीर घाला किंवा काहीच घालू नका. पानं सुरीने बारीक केली की काळी पडतात, म्हणून हातानेच तोडावीत.

आता मीठ. कांदा, टोमॅटो, मिरची एकत्र करून ठेवता येतं, पण मीठ जेवायची पानं मांडल्यावरच. मीठ पडताच टोमॅटो पाणी सोडू लागतो आणि पंधरा मिनिटांत ताटलीत तळं साचतं. आपल्या काकडीच्या कोशिंबिरीचं जे होतं तेच. फरक एवढाच की इथे थोडा रस हवा असतो, शेवटी तो चमच्याने पुलावावर घेतात. हलवायचंही दोनदाच, खालून वर, हाताने.

फरगाना खोऱ्यात मर्गिलानचा हिरवा मुळा प्रसिद्ध आहे. सालही हिरवी, आतही फिकट हिरवा, आणि पांढऱ्या मुळ्यापेक्षा घट्ट. काडीपेटीच्या काड्यांसारखा चिरून पंधरा-वीस मिनिटं थंड पाण्यात ठेवला की तिखटपणा उतरतो. मग फडक्यावर कोरडा करायचा. ओला राहिला तर चक्का त्याला धरत नाही. ‘तश्कंद’ नावाचं सॅलड याच मुळ्याचं. त्यात उकडलेलं मांस, तळलेला कांदा आणि मेयोनेज घालतात. मला ते जड वाटतं, नुसता मुळा आणि चक्का बरा.

हा चक्का, सुझ्मा, आपल्या श्रीखंडाच्या चक्क्यासारखाच, फक्त साखरेऐवजी मिठाच्या वाटेने जातो. एक लिटर घट्ट, आंबट नसलेलं दही फडक्यात सहा ते आठ तास टांगलं की साडेतीनशे-चारशे ग्रॅम निघतो. दोनशे ग्रॅम चक्क्याला एक काकडी, चार-पाच लाल मुळे, दोन पातीचे कांदे, लसणाची एक पाकळी ठेचून, कोथिंबीर आणि शेपू. शेपूला नाक मुरडणाऱ्यांनीही तो इथे कच्चा खाऊन पाहावा. आपला शेपू जास्त उग्र असतो, म्हणून तिथे मूठभर घेतात तिथे अर्धी मूठ घ्या. काकडीला आधी मीठ लावून दहा मिनिटांनी पिळून घेतली नाही, तर अर्ध्या तासात सगळं ताकासारखं पातळ होतं.

चोरसूच्या घुमटाखाली नारिंगी गाजरांचे जे ढीग दिसतात ते मोर्कोव्चा. हे सॅलड मुळात उझबेक नव्हे, कोरियन लोकांचं. 1937 मध्ये स्टालिनच्या राजवटीने सोव्हिएत अतिपूर्वेतून कोरियन कुटुंबं उचलून मध्य आशियात आणून टाकली. किमचीची, म्हणजे त्यांच्या आंबवलेल्या लोणच्याची, कोबी इथे मिळेना, तेव्हा गाजरावर भागवलं. आज हे उझबेक घरांतही सर्रास होतं. अर्धा किलो गाजराचे लांब, बारीक तंतू करायचे. साध्या किसणीवर किसू नका, लगदा होतो. वर अर्धा चमचा मीठ आणि एक चमचा साखर लावून पंधरा मिनिटं ठेवायचं. सुटलेलं पाणी काढून एक चमचा भरडलेले धणे, अर्धा चमचा तिखट आणि तीन-चार ठेचलेल्या लसूण पाकळ्या मधोमध ढीग करून ठेवायच्या आणि त्यावर चार मोठे चमचे गरम तेल ओतायचं. फोडणीची सवय असलेल्या हाताला हे जड नाही, पण तेल धूर येईपर्यंत तापवू नये, लसूण जळून कडू होतो. शेवटी व्हिनेगर. तिथलं घरगुती वापराचं व्हिनेगर बहुधा 9 टक्क्यांचं असतं आणि एक मोठा चमचा पुरतो, आपल्याकडचं साधारण 4-5 टक्क्यांचं असतं, म्हणून दोन मोठे चमचे लागतात. लगेच वाढू नका, फ्रीजमध्ये तीन-चार तास मुरू द्या. दिल्लीचं लाल गाजर यासाठी फार रसाळ आणि मऊ, नारिंगीच घ्या.

तश्कंदहून अफ्रोसियाब या वेगवान रेल्वेगाडीने समरकंदला दोन तासांच्या आसपास लागतात. तिथला पुलाव ढवळत नाहीत, थर तसेच वाढतात: खाली भात, वर गाजर आणि मांस. टोमॅटो महागले की त्याच्या बाजूला कांदा-डाळिंब येतं. दीडशे ग्रॅम कांदा वर सांगितल्यासारखा धुऊन पिळलेला, त्यावर अर्धी वाटी दाणे, मीठ, थोडी मिरपूड. यासाठी आंबट डाळिंब हवं. आपलं भगवा डाळिंब गोड असल्याने अर्धं लिंबू पिळावं लागतं. दाणे काढताना पांढरा पडदा राहू देऊ नका, तो तुरट लागतो. आणि दाणे अगदी शेवटी पेरा. आधी मिसळून हलवले की ते फुटतात, आणि कांदा गुलाबी व ओलसर होऊन बसतो.