काथ्याची पट्टी

(1991च्या दहावीच्या तुकडीतील माजी विद्यार्थी)

आपल्या शाळेत नाटकाच्या तालमी 5 नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, सुरू व्हायच्या. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये ज्या सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, तिथल्या शाळेला दुसरा मुहूर्त सुचणारही नाही. मी आठवीत असताना त्या दिवशी मराठीच्या बाईंनी माझं नाव पुकारलं. मला वाटलं, गाणं म्हणायचं असणार. दृष्टिहीन मुलाच्या वाट्याला स्नेहसंमेलनात तेवढंच यायचं. बाई म्हणाल्या, "पोस्टमन तू करायचास."

पोस्टमन डोळस होता. गावकऱ्यांना त्यांची पत्रं वाचून दाखवणारा. नाटक बाईंनीच लिहिलं होतं. मनात आणलं असतं तर त्यांनी माझ्यासाठी एखादा आंधळा भिकारी सहज घातला असता. तो त्यांनी घातला नाही, याचं मोल मला फार उशिरा कळलं.

डोळस माणूस वाचताना नेमकं काय करतो, हे मला माहीतच नव्हतं. मी वाचायचो बोटांनी, कागद मांडीवर ठेवून. बाईंनी माझी बोटं एका वर्गमित्राच्या हनुवटीवर ठेवली आणि त्याला पत्र वाचायला सांगितलं. ओळी खाली सरकतात तशी हनुवटी किंचित खाली येते. वाईट बातमीपाशी श्वास अडतो, कागद धरलेला हात इंचभर उतरतो. मग माझी हनुवटी आणि त्याची बोटं. असं आम्ही आठवडाभर केलं. दुसरी अडचण मानेची. कुणी बोललं की मी कान तिकडे द्यायचो आणि चेहरा भलतीकडे जायचा. ती सवय मोडायला डिसेंबर उजाडला. माझे संवाद मी पाटी-टोचणीने ब्रेलमध्ये उतरवून घेतले होते, पण पाठांतराचं कौतुक बाईंनी एकदाही केलं नाही. "पानी नव्हे, पाणी. पुन्हा म्हण," हे मात्र इतरांसारखंच मलाही ऐकावं लागलं.

रंगमंचावरची व्यवस्था त्यांनी फार विचार करून केली होती. पुढच्या कडेपासून तीन फूट आत काथ्याची एक लांब पट्टी खिळ्यांनी ठोकली. तळव्याला काथ्या लागला की थांबायचं. सतरंजीखाली विंगेपासून नेपथ्यातल्या पारापर्यंत जाड सुतळी पसरली, पायाखाली तिचा उंचवटा लागायचा. एकदा मांडलेली खुर्ची कुणी हलवायची नाही, आणि माझ्या वाटेत येणाऱ्याने आधी बोलायचं, मग हलायचं. हा नियम माझ्यासाठी केला होता, पण त्याने सगळ्यांच्या हालचाली चोख झाल्या. पत्र वाचायची माझी जागा तर मला दिव्याने सापडायची. हॅलोजनची ऊब दोन्ही गालांवर सारखी लागली की मी बरोबर मध्यभागी.

पुढच्या वर्षी एका आंतरशालेय स्पर्धेत हेच नाटक नेलं. पडदा उघडण्याआधी निवेदकांनी जाहीर केलं, यात एक अंध मुलगा आहे, त्याला भरभरून दाद द्या. लोकांनी दिली. दुसऱ्या पत्रातलं एक अख्खं वाक्य मी गाळलं, तिथेही टाळ्या पडल्या. परतीच्या एसटीत बाई माझ्या शेजारी बसल्या आणि ते गाळलेलं वाक्य त्यांनी माझ्याकडून सांगली येईपर्यंत म्हणून घेतलं. त्या टाळ्यांनी मन खट्टू झालं होतं. एसटीत ते निवळलं.

गेली काही वर्षं मी मे महिन्यात बालनाट्याची शिबिरं घेतो. सुधा करमरकरांनी 1959 मध्ये मुंबईत लिटल थिएटर सुरू केलं, तेव्हापासून मराठी बालरंगभूमीने मुलांना खूप काही दिलं. स्वागत थोरातांनी दृष्टिहीन कलाकारांना घेऊन नाटकं उभी केली आणि 2008 मध्ये 'स्पर्शज्ञान' हे ब्रेल पाक्षिकही काढलं. शासनाची दिव्यांग बालनाट्य स्पर्धाही होते. ती हवीच. पण माझा जीव मिश्र संघात रमतो. माझ्या शिबिरात ऐकू न येणारी मुलं असतात, चाकाच्या खुर्चीतली असतात आणि कसलीच अडचण नसलेलीही असतात. ऐकू न येणाऱ्यांना प्रवेशाची खूण लाकडी फळ्यांवर पाय आपटून देतो, ती त्यांना तळव्यांतून कळते. 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचं 29वं कलम सांगतं की कलांचे अभ्यासक्रमही सर्वांना सामील होता येईल असे नव्याने आखले जावेत. बाई ते 1988 मध्येच करत होत्या, खिळे आणि सुतळी घेऊन.

गेल्या महिन्यात आपल्या शाळेच्या महोत्सवी नाटकाच्या तालमीला आलो होतो. नवे एलईडी दिवे लागले आहेत. त्यांची ऊब गालाला लागत नाही, त्यामुळे मध्यभाग मला सापडला नाही. दृष्टिहीन मुलांसाठी तिथे पायाला लागेल अशी खूण करावी लागेल. काथ्याची पट्टीही आता नाही. पट्टी मी आणून देतो.

आणखी एक. सातवीतली एक मुलगी चाकाच्या खुर्चीत बसून खालूनच संवाद म्हणत होती, आणि खणखणीत म्हणत होती. रंगमंच तीन फूट उंच आहे. एक फूट चढायला बारा फूट उतार, या हिशेबाने तिला 36 फुटांचा उतार हवा, शिवाय वळायला थोडी मोकळी जागा. मागच्या बाजूला, सामानाच्या खोलीपासून पिंपळाच्या पारापर्यंत, तेवढी जागा आहे. मी पावलांनी मोजली आहे.