रात्री दात खाता का?

"ताई, रात्री दात खाता का हो?"

दाताच्या डॉक्टरांनी विचारलं. मी तोंड उघडं ठेवूनच मान हलवली, नाही म्हणून. त्यांनी हातात आरसा दिला. मागच्या दाढा सपाट, कित्येक दिवस टाकी न लावलेल्या पाट्यासारख्या गुळगुळीत.

"झिजलेलं एनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण कवच, परत येत नाही," त्या म्हणाल्या. गालावर, जबड्याच्या स्नायूवर बोट दाबलं आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

घरी ह्यांना सांगितलं. "अगं, बाबांचं डायलिसिस सुरू झालं तेव्हापासून ऐकतोय मी तो करकर आवाज. वाटलं, तुला माहीत असेल."

दोन वर्षं. आठवड्यातून तीनदा दवाखाना, आणि कोणीही विचारलं की माझं ठरलेलं उत्तर, "मी ठीक आहे."

संकटात कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, वाढतं ते बरंच, अंगात बळ येतं. पण ते महिनोन्‌महिने ओसरलंच नाही, तर झोप, रक्तदाब, साखर, सगळंच बिघडू लागतं. हे मी वाचलेलं होतं. ते माझ्याबद्दल आहे, हे आज त्या आरशात कळलं.

रात्री दातांवर घालायच्या गार्डचं माप दिलंय.

हे वाचताना तुमचा जबडा सैल आहे ना? जरा बघा.