कामशेतची धार : उन्हाळ्यात सकाळी नऊला कशाला जाता?

एप्रिल महिन्यात पश्चिमेकडे तोंड असलेल्या टेकडीवर उडण्यासाठी एखाद्याला सकाळी नऊला बोलावणे ही सरळसरळ दिशाभूल आहे. आम्हाला जाहिरातीत तीन गोष्टी सांगितल्या होत्या : हँग ग्लायडिंग, अर्धा तास हवेत, आणि गाडी थेट माथ्यापर्यंत. पहिली गोष्ट मी सोडून देतो. हँग ग्लायडर म्हणजे ॲल्युमिनियमच्या नळ्यांवर ताणलेला पंख, ज्याच्याखाली पालथे लटकून उडतात. कामशेतला पर्यटकाच्या वाट्याला येते ते पॅराग्लायडिंग, म्हणजे कापडी छत्राखाली बैठकीत बसून, मागे वैमानिक घेऊन केलेले उड्डाण. सगळेच याला वाटेल त्या नावाने विकतात आणि उडण्याच्या आनंदात त्याने काही उणे येत नाही. उरलेल्या दोन गोष्टींनी मात्र अर्धा दिवस खाल्ला.

गाडी माथ्यापर्यंत जात नाही. निदान आमची गेली नाही. शेवटच्या वाडीच्या पुढे कच्चा रस्ता संपला, तेथे चालकाने शांतपणे इंजिन बंद केले आणि वर बोट दाखवून ‘दहा मिनिटं’ एवढेच सांगितले. ज्यांनी लोहगड-विसापूर केले आहेत त्यांना चढाईचे कौतुक वाटणार नाही. उंची फारशी नाही. पण हा पट्टा वाईट आहे, आणि तो वाईट का आहे हे कोणी सांगत नाही. वणव्याने गवत जळून गेल्यामुळे पाय धरायला काही नाही, खाली मुरमाचा घसारा, त्यावर गोट्यांसारखे सुटे दगड, आणि सावलीच्या नावाने गुडघाभर उंचीच्या करवंदीच्या जाळ्या. एक पाऊल वर टाकले की अर्धे पाऊल खाली येते. जळलेल्या गवताची बारीक काळी राख घामाला चिकटून पोटऱ्यांवर रेघा उमटतात. आमच्यातले एक साठीचे गृहस्थ दोनदा बसले आणि तिसऱ्यांदा वरून आलेल्या गावातल्या मुलाने त्यांचा हात धरला, म्हणून पोहोचले. दहा मिनिटांचे चाळीस मिनिटे झाले. या गाडीचे माणशी 300 रुपये वेगळे मोजून घेतले, ही गोष्ट मला अजून पचलेली नाही.

इतके करून माथ्यावर पोहोचलो तेव्हा दांडीवरचा, वाऱ्याची दिशा आणि जोर दाखवणारा कापडी मोजा लोंबत होता. उन्हाळ्यात हे असेच असणार, कारण येथला पश्चिम वारा समुद्राकडून येतो. जमीन तापून वरची हवा हलकी झाली की कोकणातून गार हवा घाट चढून मावळात शिरते, आणि तिला इथवर यायला दुपार होते. तोपर्यंत डोंगरावर असतात ते उन्हाने उठणारे तुटक झोत, कधी समोरून, कधी पाठीमागून. अशा हवेत समंजस वैमानिक प्रवाशाला घेऊन निघत नाही, किंवा निघालाच तर सरळ घसरत खाली उतरतो. अकरा-साडेअकराला ज्यांनी आग्रहाने उड्डाण घेतले, ते चार-पाच मिनिटांत खालच्या भातखाचरात होते आणि पैसे पूर्ण देऊन बसले होते. मी थांबलो. हा निर्णय माझ्या दृष्टीने दिवसातला सर्वांत शहाणपणाचा होता, आणि तुम्हीही तोच घ्यावा, मग आयोजक कितीही घाई करो.

साडेतीनच्या सुमारास मोजा ताठ उभा राहिला आणि तो राहिलाच. वैमानिक त्याच मावळातला, पंचविशीचा मुलगा, त्याने पट्टे दोनदा तपासले, मांड्यांचे बक्कल माझ्याकडून पुन्हा ओढवून घेतले आणि म्हणाला, “सर, मी सांगेपर्यंत बसायचं नाही. पाय सुटले तरी पळत राहायचं.” हे ऐका. लोक हवेत उचलले जाताच बसतात, छत्र पुरते भरलेले नसते आणि दोघेही मुरमावर आपटतात. चांगल्या वाऱ्यात पळावे लागतच नाही. त्याने छत्राकडे तोंड करून ते उचलले, वळला, आणि तीन पावलांत टेकडी पायाखालून निघून गेली.

त्यानंतरच्या जवळपास अर्ध्या तासासाठी मी तो घसारा पुन्हा दोनदा चढेन. धारेवर आदळणारा वारा वर वळतो, आणि त्या वर जाणाऱ्या हवेचा पट्टा डोंगराच्या समोर, उताराला लागून असतो. त्यातच राहायचे असल्याने वैमानिक धारेला समांतर जातो, टोकाला वळतो, परत येतो. वळण नेहमी डोंगरापासून दूर, दरीकडे. समोरासमोर दोन छत्रे आली तर ज्याच्या उजव्या हाताला डोंगर आहे त्याची वाट मोकळी, दुसऱ्याने बाहेर सरायचे. आमच्या बाजूने एक जण इतक्या जवळून गेला की त्याच्या दोऱ्यांची शीळ ऐकू आली. उंची वाढू लागली की व्हेरिओ, म्हणजे चढउतार आवाजाने सांगणारे छोटे यंत्र, भराभर टिवटिवते, आणि ती गती वाढली की खाली न पाहताही समजते. पवनेचे पाणी, तिकोना, तुंग, विसापूर हे सारे दिसते, पण तेवढ्यासाठी उडायची गरज नाही. ते तिकोन्यावरूनही दिसते.

मळमळीविषयी कोणी बोलत नाही. सारख्या वळणांनी पोट ढवळते. दुपारी मिसळ खाऊन वर गेलेल्यांचे हाल मी पाहिले. थोडेसे खा, आणि नजर क्षितिजावर ठेवा.

वाऱ्याचा अंदाज आदल्या रात्री स्वतः पाहा. ताशी 12 ते 20 किलोमीटर, पश्चिमेकडून, झोत फारसे नाहीत, असे असेल तर निघा. या छत्राचा हवेतला वेग ताशी पस्तीस-अडतीस किलोमीटरच्या आसपास असतो. वारा त्याच्या जवळ पोहोचला तर छत्र पुढे सरकत नाही आणि मागे ढकलले जाऊन माथ्यापलीकडच्या घुसळणाऱ्या हवेत सापडते. ती जागा जिवावरची आहे. वारा जोरात असतानाही ‘होऊन जाईल’ म्हणणाऱ्याबरोबर उडू नका. राखीव पॅराशूट आहे का, हे विचारा. त्या प्रश्नाने चिडणारा आयोजक सोडून द्या. हिवाळ्यात पूर्वेचे वारे असतात तेव्हा हिशेब वेगळा, पूर्वेकडच्या टेकड्यांवर सकाळही उपयोगी पडते. म्हणून ‘किती वाजता’च्या आधी ‘कोणती टेकडी आणि कोणता वारा’ हे विचारावे.

पुण्याहून लोणावळा लोकलने कामशेतला उतरा. मुंबईकरांनी लोणावळ्याला गाडी बदलावी. दुपारी लोकल विरळ असतात, वेळापत्रक पाहूनच निघा. घोट्यावर येणारे बूट, पूर्ण विजार, माणशी दोन लिटर पाणी. चित्रफितीचे वेगळे पैसे उतरल्यावर मागतात, आणि तीत अर्धा वेळ स्वतःच्याच नाकपुड्या दिसतात; मुळीच देऊ नका. आगाऊ रक्कम निम्म्याहून जास्त भरू नये, आणि वारा न आल्यास किती परत मिळणार हे पैसे पाठवण्यापूर्वी संदेशात लिहून घ्यावे, कारण माथ्यावर उभे राहून या विषयावर वाद घालण्याइतका दम त्या चढानंतर कोणातच उरत नाही.