सासरचं कूळ शोधताना

माझं सासर फ्रान्सच्या पश्चिमेकडचं, लावाल शहराजवळचं. आपल्या घराण्यात कोणीतरी सरदार-दरकदार होऊन गेला, अशी सासूबाईंची ठाम समजूत. पुरावा काय, तर लग्नात सरकारकडून मिळालेली कुटुंबाची पुस्तिका आणि ऐकीव चार नावं. नवऱ्याला यात काडीचा रस नाही, म्हणून शोध माझ्याकडे आला.

१७९२ पर्यंत मागे जाणं तसं सोपं. त्या वर्षी क्रांतीच्या सरकारनं जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी चर्चकडून काढून गावच्या कचेरीकडे दिल्या. लग्नाच्या नोंदीत दोन्हीकडच्या आईवडिलांची नावं असतात, दर दहा वर्षांची सूची असते आणि सगळं जिल्ह्याच्या दप्तरखान्याच्या वेबसाइटवर फुकट बघता येतं. क्रांतीच्या पंचांगातल्या तारखा तेवढ्या बदलून घ्यायच्या.

त्यामागे मात्र पाद्र्यांच्या वह्या. बाप्तिस्मे नोंदवायचा राजाचा हुकूम १५३९ चा आणि १६६७ पासून दोन प्रती ठेवायचा नियम, त्यामुळे एक प्रत ओलीनं गेली तरी दुसरी मिळण्याची आशा असते. सूची बहुतेक नसतेच, पानं चाळायची. महिन्याच्या जागी ७ दिसला की जुलै समजू नका. पुढे ‘ब्र’ असेल तर तो सप्टेंबर. तसेच ८, ९ म्हणजे ऑक्टोबर, नोव्हेंबर.

खरी पंचाईत एका नावाच्या माणसांची. त्या गावात एकाच वेळी तीन ज्यां, आडनाव तेच, तिघांनाही मुलं. आपला कोणता? इथे बायका मदतीला आल्या. फ्रेंच नोंदीत बाईचं माहेरचं आडनाव मरेपर्यंत सुटत नाही. आमच्या माहेरची नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडची वंशावळ मी पाहिली आहे, तीत सगळे पुरुषच. इथे आईचं आडनाव धरलं आणि तिघांतले दोघे गळाले. उरलेली शंका धर्ममातेनं, म्हणजे गॉडमदरनं, फेडली. बाळाचा बाप्तिस्मा जन्माच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, नाव बहुधा धर्ममाता-धर्मपित्याचंच. आमच्या पेरीनची धर्ममाताही पेरीन, ‘बाळाची मावशी’ असं पाद्र्यानं स्वच्छ लिहिलंय. खाली ठरलेलं वाक्य: सही करता येत नाही असं सांगितलं. मावशीचं लग्न शोधलं, तिथे आजोबा सापडले.

म्हणून माझं मत, मूळ पुरुषाच्या मागे धावू नये. आईचं आडनाव आणि धर्ममाता-धर्मपिता आधी टिपून ठेवावेत.

सरदार काही निघाला नाही. निघाले विणकर, पिढ्यान्‌पिढ्या. लावालच्या लिननच्या कापडाचं त्या काळी मोठं नाव होतं, हे सांगितल्यावर सासूबाई जरा निवळल्या. आता गाडी अडलीय ती एका लग्नापाशी. लग्नं सहसा नवरीच्या गावात लागत, तेव्हा शेजारच्या गावांच्या वह्या काढल्यात. तिथल्या पाद्र्याचं अक्षर भयंकर आहे.