खाकी म्हणजे नेमका कोणता रंग?

आजकाल ऑनलाईन पँट बघायला गेलं की खाकी म्हणून काहीही दाखवायलेत, कुठं हिरवट, कुठं पार चॉकलेटी, आणि पोरांना खाकी म्हणलं की फक्त पोलिस आठवतो. मला हे खरंच पटत नाही. खाकी हा मुळात फिकट रंग, पिवळसर तपकिरी, वाळलेल्या मातीचा. शब्दच तसाय, फारसीत खाक म्हणजे धूळ, माती. मराठीत आपण तो राखेपुरता ठेवला, गंजी जळून खाक झाली म्हणतो, पण आमच्याकडं मराठवाड्यात निजामाच्या राज्यापासून उर्दू कानावर, त्यामुळं जुन्या माणसांना खाक म्हणजे माती हे वेगळं सांगावं लागत नाही.

वर्दी नंतर आली. १८४६ ला इंग्रजांनी पेशावरला गाईड्स नावाची पलटण उभी केली, हॅरी लम्सडेन तिचा अधिकारी, आणि तिथं लाल डगल्याऐवजी धुळीत मिसळून जातील असे कपडे आले. १८५७ च्या धामधुमीत बाकीच्या काही पलटणींनी पण आपले पांढरे कपडे चहात नाहीतर चिखलात बुडवून रंगवले, मग कसली एकसारखी खाकी निघणार, ज्याची त्याची वेगळी. धुतल्यावर न जाणारा पक्का रंग बऱ्याच वर्षांनी मिळाला. स्वातंत्र्यानंतर लष्करानं ऑलिव्ह ग्रीन घेतला, खाकी राहिली पोलिसांकडं, एसटीच्या ड्रायव्हर-कंडक्टरकडं, शाळेच्या हाफ चड्डीत आणि जूनमधे वह्यांना घालायच्या कव्हरात. त्या कव्हराचा कागद बघा, तो अजून बऱ्यापैकी खऱ्या रंगाचाय.

मराठवाडा म्हणलं की लोक लगेच काळी माती म्हणतात. ते शिवाराचं झालं हो. काळी कसायची आणि पांढरीत राहायचं, गावठाणाला पांढरीच म्हणतात आपल्यात, पण ती माती काही दुधासारखी पांढरी नसती, नीट बघितलं तर अस्सल खाकी. जुन्या गढ्यांचे बुरूज तिचेच, माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, पसरतात ती पण तीच. एप्रिल-मे मधे बीड, परभणीकडं कच्च्या रस्त्यानं जीप गेली की मागं फुफाटा उठतो, झाडं, पत्रे, माणसं सगळं एका रंगाचं होतं, शब्दाचा अर्थ तिथं डोळ्यानं दिसतो.

आपल्याकडं मातकट पण आहे म्हणा, पण तो कौतुकानं कोणी वापरत नाही, धोतर मातकट झालं म्हणजे ते धुवायला टाकायचं. बदामी साडीला, गव्हाळ माणसाच्या रंगाला. मातीचा रंग आवडला म्हणून सांगायला खाकीच उरतो, म्हणून तर तो असा कशालाही लावलेला बघवत नाही. हिरवटाला मेंदी म्हणा, गडदला चॉकलेटी म्हणा, नावं आहेत की!