पंचांग, दुर्बीण आणि कुंभ रास

7 सप्टेंबर 2025, भाद्रपद पौर्णिमा, रविवार, खग्रास चंद्रग्रहण. रविवारी रात्री मुलांना शाळेच्या गच्चीवर बोलवायचं म्हणजे आधी अर्ज, मग प्रत्येक पालकाचं हमीपत्र. विज्ञानशिक्षकाची निम्मी शक्ती असल्या कागदांतच खर्च होते.

आमची सहा इंची डॉब्सोनियन दुर्बीण बिनमोटरची. चंद्र सारखा निसटतो, नळी हातानं ढकलत राहायची. त्यात भादव्यातलं दव. नेत्रिकेवर, म्हणजे डोळा लावायच्या भिंगावर, धुकं आलं की मुलं फुंकर मारतात आणि ते आणखी वाढतं. म्हणून हेअर ड्रायर जवळच ठेवतो.

एका मुलीचे आजोबा पंचांग घेऊन आले. भिक्षुकी करणारे, वेध लागल्यापासून उपाशी. त्यांनी वेळा वाचल्या: स्पर्श (सावली चंद्राला टेकते) 9:57, संमीलन (चंद्र पूर्ण झाकला जातो) 11:01, मध्य 11:41. माझ्या कागदावरही त्याच. मुलं मात्र सावली टायको, कोपर्निकस या विवरांना कधी टेकते ते टिपत होती आणि प्रत्येकाचं मिनिट वेगळं. आजोबा हसले. "सर, पंचांगात एकच वेळ असते."

पृथ्वीच्या वातावरणामुळे सावलीची कडच पुसट असते, हे सांगितलं. पण मुलं पुढे गेली होती. चंद्राच्या चित्रावर सावलीची कड काढून त्यांनी कंपासनं वर्तुळ पुरं केलं: सावलीचा व्यास चंद्राच्या अडीच-पावणेतीनपट. पृथ्वीची सावली चंद्रापर्यंत पोचताना साधारण एका चंद्रव्यासानं आक्रसते, तो मिळवला की पृथ्वी चंद्राच्या साडेतीनपटीच्या पुढे. खरं उत्तर 3.67. प्राचीन ग्रीक खगोलज्ञ ॲरिस्टार्कसची युक्ती, दहा रुपयांच्या कंपासवर! खगोलशास्त्र कशाला, असं विचारणाऱ्यांना मी ही वही दाखवतो.

आजोबा दुर्बिणीला डोळा लावेनात. "माझी कुंभ रास. ग्रहण कुंभेतच आहे, बघायचं नाही." पण खग्रास लागून चंद्र तांबूस झाला, तारे उजळले, तेव्हा म्हणाले, "शनी दिसेल?"

चंद्राच्या डावीकडे, हात लांब करून मोजलं तर दीड मूठ अंतरावर, शनी होता. बराच वेळ बघत राहिले. "कडं कुठंय?" यंदा कडी जवळपास आडवी, नुसती रेघ दिसते, म्हटलं. पूर्ण कधी उघडेल? 2032 च्या सुमारास. त्यांनी ते पंचांगाच्या समासात लिहून घेतलं.

नळी जरा उजवीकडे ढकलली असती तर चंद्रच समोर आला असता. मी ढकलली नाही. एक सहकारी अजून ऐकवतात, "दाखवायचा होता, अंधश्रद्धा मोडली असती." फसवून दाखवलेल्या चंद्रानं नेमकं काय मोडलं असतं, हे मात्र ते सांगत नाहीत.