घरगुती प्रेसवरील दाबसामर्थ्य: चिरा, वीट, माल आणि सागवान

२० टनी बॉटल जॅकवर (हाताने पंप मारून भार उचलणाऱ्या तेलदाबाच्या जॅकवर) उभारलेल्या चौकटीत या टप्प्यात चार पदार्थांचे नमुने दाबून झाले: सिमेंट-वाळूचा माल, भट्टीची वीट, कोकणातला चिरा (जांभा दगड) आणि सागवान. मोजणीच्या पद्धतीत एक महत्त्वाचा बदल केला आहे. पूर्वी जॅकच्या तेलाचा दाब गेजवर वाचून त्याला रॅमच्या, म्हणजे जॅकच्या वर सरकणाऱ्या दट्ट्याच्या, क्षेत्रफळाने गुणले की भार मिळत असे. परंतु रॅमभोवतीच्या सीलचे घर्षण त्या आकड्यात मिसळलेले असते आणि त्यामुळे नमुन्यापर्यंत पोहोचणाऱ्या भारापेक्षा मोठा भार कागदावर येतो. आता नमुना आणि चौकट यांच्यामध्ये थेट लोडसेल (भार मोजणारा संवेदक) बसवला असून वरच्या दाबपट्टीला गोलाकार बैठक दिली आहे. नमुन्याचा माथा किंचित तिरका असला तरी पट्टी स्वतःहून त्याला जुळवून घेते.

नमुन्याचा आकार ठरवताना आधी गणित करावे लागते. १५० मिलिमीटरचा एम-२० काँक्रीटचा (२० मेगापास्कल, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन सामर्थ्याचा) ठोकळा फोडायला किमान ४५० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ४६ टन भार हवा. तो विषय घरगुती चौकटीसाठी तेथेच संपतो. सिमेंटच्या प्रमाण चाचणीतला ७०.६ मिलिमीटरचा घनसुद्धा, ५३ ग्रेडच्या (५३ मेगापास्कल सामर्थ्याच्या) सिमेंटचा असल्यास, २८ दिवसांनंतर २७ टनांच्या आसपास मागतो. म्हणून मालासाठी ५० मिलिमीटरचे घन ओतले. २,५०० चौरस मिलिमीटरवर ५० मेगापास्कल आले तरी भार १३ टनांच्या आत राहतो आणि जॅकला ओढाताण होत नाही.

मालाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. अमेरिकी काँक्रीट-संशोधक डफ एब्रॅम्स यांनी १९१८ मध्ये मांडलेला नियम, म्हणजे सिमेंटच्या तुलनेत पाणी जितके जास्त तितके सामर्थ्य कमी, इतक्या लहान घनांतही स्वच्छ दिसतो. एकाच गोणीतले सिमेंट आणि एकच वाळू वापरून केवळ पाणी वाढवले, तर थापायला सोपा झालेला माल फोडायलाही सोपा होतो. गवंड्याच्या हाताला जो माल आवडतो तो प्रेसला आवडत नाही, असे म्हणायला हरकत नाही.

विटेसाठी भारतीय मानक ३४९५ मधील पद्धत शक्य तितकी पाळली. विटेचा छापाचा खळगा १:१ प्रमाणाच्या मालाने भरून ती एक दिवस ओल्या गोणपाटाखाली आणि नंतर तीन दिवस पाण्यात ठेवायची, आणि दाबताना वर-खाली ३ मिलिमीटर जाडीचे प्लायवुड द्यायचे. १९० × ९० मिलिमीटरच्या विटेचे क्षेत्रफळ १७,१०० चौरस मिलिमीटर भरते, ३.५ मेगापास्कलच्या सर्वांत खालच्या वर्गासाठी सुमारे ६ टन पुरतात, तर ७.५ च्या वर्गासाठी १३ टन लागतात. याहून चांगली वीट अखंड फोडण्याचा मोह टाळावा. जॅकची क्षमता संपत आली की भार हळूहळू आणि एकसारखा वाढवता येत नाही, आणि भारवाढीचा वेग बदलला की आकडाही बदलतो.

खरा वेळ चिऱ्याने घेतला. त्याच्या अंगात बोटभर लांबीच्या पोकळ्या असतात, त्यामुळे ५० मिलिमीटरचा घन कापला तर एखाद्या नमुन्यात दगडापेक्षा भोकच जास्त येते. १०० मिलिमीटरचे घन मार्बल कटरने कापले, चिऱ्याच्या भारतीय मानकातील ३.५ मेगापास्कलच्या किमान अपेक्षेसाठी त्यांना साडेतीन टनांहून थोडा अधिक भार लागतो. कापलेली बाजू डोळ्यांना सपाट दिसली तरी भार मोजक्या उंचवट्यांवरच येतो, ते एकेक करून चुरडतात आणि संपूर्ण दगडाची परीक्षा होण्याआधीच नमुना कोपऱ्यातून ढासळतो. दोन्ही बाजूंना १:१ मालाचा पातळ थर देऊन, काचेवर दाबून सपाट केल्यावर त्याच चिऱ्याचे आकडे बरेच वर गेले आणि आपापसांतील फरकही आटोक्यात आला. असे मालाचे टोपण न घालता मिळालेले चिऱ्याचे आकडे म्हणूनच माझ्या मते नोंदवहीत ठेवू नयेत.

दुसरा प्रश्न ओलाव्याचा. चिरेखाणीतून नुकताच निघालेला चिरा मऊ असतो आणि उघड्या हवेत पडून तो कठीण होतो, हे मलबारातल्या दगडाबद्दल स्कॉटिश सर्वेक्षक फ्रान्सिस ब्यूकॅनन यांनी १८०७ मध्येच नोंदवले होते. जुना, वाळलेला चिरा पुन्हा पाण्यात भिजवून दाबला, तेव्हाही तो कोरड्या जोडीदारापेक्षा स्पष्टपणे लवकर फुटला. पावसाळाभर भिजणाऱ्या भिंतीचा विचार करणाऱ्याने कोरड्या चिऱ्याचा आकडा गृहीत धरू नये. माझ्या तक्त्यात आता प्रत्येक नमुन्यापुढे तो ओला होता की कोरडा, याचा वेगळा रकाना आहे.

दाबपट्टीच्या घर्षणाचा परिणाम मात्र मालाच्या घनांवर सर्वांत ठळक दिसला. दबणारा पदार्थ आडवा फुगू पाहतो; पोलाद त्याच्या दोन्ही टोकांना धरून ठेवते आणि त्यामुळे घन फुटल्यावर टोकाशी टोक लावलेल्या दोन पिरॅमिडसारखे अवशेष उरतात. टोकांशी ग्रीस लावलेली टेफ्लॉनची पत्रे ठेवली की ही पकड सुटते, उभ्या भेगा पडतात आणि आकडा खाली येतो. उंचीने रुंदीच्या दुप्पट असलेला काँक्रीटचा दंडगोल त्याच मिश्रणाच्या घनाच्या सुमारे ०.८ पट सामर्थ्य दाखवतो, त्यामागेही मुख्यतः हेच कारण आहे. आपण एकमेकांशी आकडे ताडून पाहतो तेव्हा पदार्थाच्या नावाइतकीच नमुन्याची उंची-रुंदी आणि टोकांशी काय ठेवले होते, हे लिहिणे आवश्यक आहे.

सागवानाने वेगळेच वर्तन दाखवले. रेषांच्या दिशेने दाबल्यावर कमाल भार गाठला जातो, आणि मग तंतू वाकून बाजूवर एक तिरकी सुरकुती उमटते. तो क्षण चुकत नाही. रेषांना आडवे दाबल्यावर भार पुष्कळच कमी लागतो, परंतु लाकूड फुटतच नाही, ते नुसते चेपत जाते. अशा वेळी लाकूड ठरावीक अंतर चेपले गेल्यावरचा भार हेच माप मानावे लागते; त्यासाठी चौकटीला ते अंतर मोजणारा डायल गेज जोडला आहे.

पुढे दख्खनचा काळा दगड घ्यायचा आहे. बेसाल्टचे सामर्थ्य सहज १५० मेगापास्कलच्या पुढे असते, त्यामुळे २५ मिलिमीटरचे घन घेऊनही साधारण साडेनऊ टन लागतील. भार चढताना चौकटीच्या दांड्या ताणून स्प्रिंगप्रमाणे ऊर्जा साठवतात आणि ठिसूळ दगड फुटताच ती सगळी एकदम त्याच्या तुकड्यांत जाते. म्हणून आधी चारही बाजूंनी पॉलिकार्बोनेटची पेटी बसवून, पंपाचा दांडा तिच्याबाहेर काढला जाईल. दगड त्यानंतरच कापायला घेईन.